चार विती

चौथीच्या सव्वीस मुलांनी सहा गुरुवार खपून एक लांबलचक पट्टा विणला होता, ज्याची त्याची एक वीत. चित्रकलेच्या वर्गातला माग विणकर मावशींचाच, घरून उचलून आणलेला. आज पाहुण्या बाई येणार होत्या. विणकामाचा तास पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे त्या आणि शाळेच्या मोठ्या बाई मिळून ठरवणार होत्या.

मावशींचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोटच्या दोन्ही लेकींनी कधी मागाच्या धोट्याला हात लावला नाही. धाकटी बहीण तर तोंडावर म्हणाली होती, "स्वतः चौथीत बसली नाहीस आणि चौथीला शिकवायला निघालीस!" पण सहा गुरुवार सव्वीस जोडी हात त्यांच्या मागाभोवती घोटाळले होते. आता सातवा गुरुवार रिकामा गेला तर?

त्यात पोटात काल दुपारचं पाप.

काल त्या नुसत्या मागाला तेल घालायला आल्या होत्या. बाकीचा पट्टा रुळावर गुंडाळलेला, समोर शेवटच्या चार विती उघड्या. काठ कुठे आत ओढलेला, कुठे बाहेर सुटलेला. बोटं शिवशिवली. एक ओळ उसवली, मग दुसरी. गुणगुणत गुणगुणत चारही विती उसवल्या आणि शाळा सुटायच्या आत नव्याने विणून टाकल्या. काठ असा सरळ, की पाण्याची धार.

सकाळी पहिली आली ती भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव.

"मावशी, माझी वीत कुठंय?"

"ही काय, शेवटच्या चारांतली पहिली."

"ही नाही. माझ्यात खड्डा होता. आणि माझ्या जुन्या स्वेटरची निळी लोकर होती."

ती लोकर मावशींच्या पिशवीत होती, गोळा होऊन. मावशी मागाची फणी पुसत राहिल्या. स्वच्छ फणी पुन्हा पुसली.

चित्रकलेच्या सरांना एका नजरेत कळलं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या हो मावशी. वीस मिनिटांत पाहुण्या येतील. दिसतंय तर झकास." मग भिंगरीला म्हणाले, "जा गं, हात धुऊन ये."

"धुतलेत," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

पाहुण्या आल्या. मोठ्या बाई कौतुकाने सांगत होत्या, "सगळं मुलांनीच विणलंय बरं का." पाहुण्यांनी काठावरून बोट फिरवलं. "चौथीतली मुलं? विश्वास बसत नाही."

भिंगरी मावशींकडे बघत होती. नुसती बघत होती, चहाडी सांगत नव्हती. तेच सोसवेना.

"बसूच नये," मावशी म्हणाल्या. "ह्या चार विती माझ्या आहेत. मुलांच्या मी काल उसवल्या. वाकडं बघवलं नाही मला."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. सर खिडकीबाहेर पाहू लागले. मावशींनी कुणाची वाट पाहिली नाही. धाग्याचं टोक धरलं आणि आपलं सरळसोट काम ओळीमागून ओळ उसवायला घेतलं. कालचं गाणं आपोआप ओठांवर आलं:

*ताण बाई ताण धागा, नको ताणू माझं मन,*
*सैल सुटलेल्या काठी हसे लेकरांचं ऊन.*

चारही विती सुटल्या. नुसता उभ्या धाग्यांचा ताणा उरला, उघडा. त्यांनी पिशवीतून निळी लोकर काढली. "ये गं भिंगरे. तुझी जागा."

भिंगरी मागावर बसली. धोटा इकडून गेला, तिकडे अडकला, पडला. तिने उचलला. दोन बोटं विणून झाली आणि काठ आत ओढला गेला. मावशींचा हात पुढे झाला. त्यांनी तो मागे घेतला, मग दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसल्या.

"ताणू का अजून?" भिंगरीने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"असू दे. खड्डा इथंच होता."

पाहुण्यांनी एक छोटं स्टूल ओढलं आणि मागाशेजारी बसल्या. भिंगरीच्या आणखी दोन ओळी झाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि उरलेल्या तिघांचं?"

मावशींनी तोंड उघडलं, पण मोठ्या बाई आधी बोलल्या. आवाजात राग होता अजून. "येत्या गुरुवारी एकाचं. मग दुसऱ्याचं. घाई कोणाला आहे?"

मांडीखाली मावशींची बोटं वळवळत होती. त्यांनी ती आणखी घट्ट दाबली.