धनाजीची मेंढरं

म्हसवडच्या पूर्वेला खडकवाडीत कुणी थाप मारली, की समोरचा म्हणतो, "व्हय व्हय, धनाजीची मेंढरं!" म्हणजे जी कधी नव्हतीच, ती वस्तू. पोरगं म्हणालं पुण्यात मॅनेजर झालोय, धनाजीची मेंढरं. सरपंच म्हणाला पुढच्या महिन्यात नळाला पाणी, धनाजीची मेंढरं. चौतीस वर्षं ही म्हण गावात फुकट चरत होती. सुलाबाईच्या कानावर ती दिवसातून एकदा तरी यायचीच. कारण धनाजी तिचा नवरा होता, आणि मेंढरं खरोखरच होती. बेचाळीस.

एक्क्याण्णव साली धनाजीनं ग्रामपंचायतीला नानासोंच्या माणसाविरुद्ध फॉर्म भरला. तिसऱ्या दिवशी नानासोंच्या गड्यांनी रानातून त्याचा अख्खा कळप हाकून नेला. धनाजीनं चौकीत तक्रार दिली. नानासो म्हणजे त्या भागाचे पुढारी, त्यांनी चावडीवर पानाला चुना लावत विचारलं, "धनाजीकडं मेंढरं हुती कवा? आसली तर इकून खाल्ली, आन् आता माझ्या नावानं बोंब."

गाव हसलं. गावाला हसायला नानासोंची परवानगी लागायची, ती त्या दिवशी मिळाली होती. धनाजी पुढं सहा वर्षं लोकांची मेंढरं राखत जगला आणि लबाड म्हणूनच मेला.

सुलाबाई रडली. रडून झाल्यावर तिनं तक्रारीची शिक्क्याची नक्कल पत्र्याच्या डब्यात ठेवली, वर नवऱ्याची लोकर कातरायची कातर ठेवली, आणि वाट बघत बसली. वाट बघायची तिला सवय होती. मेंढरं राखणं म्हणजे निम्मं तेच असतं.

नानासोही गेले. त्यांच्या खानदानाला आता गाव नुसतं 'बंगला' म्हणतं. यंदा बंगल्याचा नातू शिवतेज जिल्हा परिषदेला उभा राहिला आणि भाषणाभाषणात सांगू लागला, "आम्ही मेंढपाळाची लेकरं!" लगेच मोबाइलवर अफवा सुटली, की बंगल्याचा मेंढरांशी संबंध आला तो फक्त ताटात. अफवा तोंडी लावायला बरी होती, त्यामुळे दोन दिवसांत तालुकाभर पोचली.

शिवतेजनं उत्तरादाखल जुना फोटो टाकला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी घेतलेले नानासो आणि मागं कळप. कुणी पुण्याचा पत्रकार त्यांच्यावर लेख लिहायला आला होता, तेव्हाचा. कोपऱ्यात कॅमेऱ्यानंच छापलेली तांबडी तारीख : नऊ नोव्हेंबर एक्क्याण्णव.

सून मंगलनं तो सासूला दाखवला. सुलाबाईनं नानासोंकडं बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट काचेवरून मागं सरकलं.

"ही ढवळी. ही काळतोंडी. आन् ह्यो एकशिंग्या."

"आत्या! आवं, ही तर आपली! आत्ताच्या आत्ता गावात सांगते."

"गप. मेंढरू वाडग्याच्या कुपणात शिरंस्तवर हाळी द्यायची नसती."

दुसऱ्या दिवशी ती भंडारा घेऊन शिवतेजच्या प्रचार कचेरीत हजर. त्याच्या कपाळाला बोटभर भंडारा लावला.

"दादा, तुमच्या आज्याला मी लय जवळनं वळखत हुते. मरंस्तवर इसरायची न्हाई."

शिवतेज वाकला. "आशीर्वाद असू द्या, आजी."

"त्यो फोटू बारका पडतोय बघा. लोक म्हंत्यात, मेंढरं उसनी आणली आसतील. मोठ्ठा फ्लेक्स लावा. कान सुदीक दिसू द्या. माणूस खोटं बोलंल, मेंढराचा कान न्हाई बोलत."

शिवतेज पुन्हा वाकला. आजवर मतदार त्याच्याकडं काही ना काही मागायला यायचे. सल्ला देऊन रिकाम्या हातानं जाणारी ही पहिलीच बाई. चार दिवसांत बारा गावांत फ्लेक्स लागले. खडकवाडीच्या एसटी थांब्यावरचा वीस फुटी होता. एकेक कान सुपाएवढा.

त्याच आठवड्यात सांगलीहून रूपाली आली. निवडणुकीतल्या अफवा खऱ्या की खोट्या हे तपासून छापायचं, ही तिची नोकरी. तिनं कॅमेऱ्यासमोर शिवतेजला विचारलं, "फोटो खरा?"

"शंभर टक्के. मूळ प्रत देतो."

"तारीख?"

"तीच."

"मेंढरं?"

"शिंगापासून शेपटापर्यंत घरची! खडकवाडीच्या सुलाआजीला विचारा."

रूपालीनं सुलाआजीला विचारलं. "आजी, फोटोतली मेंढरं खरी आहेत का?"

"खरी म्हंजे? एकेकीचं बाळंतपण केलंय मी, पोरी."

सुलाबाईनं डब्यातली कातर बाजूला केली आणि कागद पुढं केला. तारीख सहा नोव्हेंबर एक्क्याण्णव, म्हणजे फोटोच्या तीन दिवस आधीची. खाली धनाजीच्या कळपाच्या खुणा लिहिलेल्या : प्रत्येकाच्या डाव्या कानाला मालकीची पुढून चीर, उजव्याला दोन खाचा, एका मेंढीचं तोंड काळं, एका मेंढ्याचं उजवं शिंग मोडलेलं.

दोघी थांब्यावर गेल्या. रूपाली एकेक ओळ वाचायची, सुलाबाई काठीनं फ्लेक्सवरचा कान दाखवायची. चीर होती. खाचा होत्या. पाचवा, सहावा, सातवा कान. एसटीची वाट बघणारी माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं, "व्हय व्हय, धनाजीची में—" आणि ते तसंच उघडं राहिलं.

"म्हण की," सुलाबाई म्हणाली. "चौतीस वरसं म्हणतूयास. आज बघून म्हण."

रूपालीनं दोन दिवस घालवून चौकीतल्या जुन्या नोंदीशी कागद ताडून बघितला, मगच छापलं :

'दावा : उमेदवाराच्या घराण्याकडे मेंढरं कधीच नव्हती. निष्कर्ष : खोटा. मेंढरं होती. धनाजीची.'

खाली फोटो, तक्रार आणि शिवतेजची मुलाखत.

संध्याकाळपर्यंत बंगल्यानं जाहीर केलं, की फोटो बनावट आहे, विरोधकांनी कॉम्प्युटरवर बनवला. रूपालीनं तेही तपासलं. निष्कर्ष : फोटो अस्सल, मूळ प्रत खुद्द उमेदवारानं दिली आहे. शिवतेज पडला. किती मतांनी, ते सुलाबाईनं विचारलं नाही. तिला फक्त नानासोंशी कर्तव्य होतं.

फ्लेक्स उतरवायला माणसं आली, तेव्हा ती थांब्यावरच बसली होती.

"टाकून देणार आसाल तर मला द्या. वाडग्यावर छप्पर न्हाई माझ्या."

मंगलनं आणि तिनं तो मेंढरांच्या वाडग्यावर ताणून बांधला. मंगल चित्राची बाजू वर करत होती.

"उलटा घाल," सुलाबाई म्हणाली. "तोंड खाली."

आता वीस फुटी नानासो, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, खाली बघत असतात. खाली सुलाबाईची नऊ मेंढरं रवंथ करतात. रोज सकाळी ती वाकून आत शिरते, मेंढरं मोजते, आणि मान वर करून म्हणते,

"नऊ हायती. एक जरी कमी भरलं, तर गाठ माझ्याशी हाय. राख."