उरलेली नव्व्याण्णव

“आन् ती नव्व्याण्णव कुणाच्या जिवावर सोडली म्हनं?” म्हसूने विचारलं.

माझे यजमान शांतवन यांचा पेटीवरचा हात थांबला. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवून निघालेल्या मेंढपाळाचा बायबलमधला दाखला ते लग्नाआधीपासून सांगत आले आहेत. बाजारात सांगितला, देवळाच्या पारावर सांगितला, लोक मान डोलावून घरी गेले. खऱ्या धनगरापुढे सांगायची मात्र ही पहिलीच वेळ, आणि त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

“रानातच होती ती,” शांतवन म्हणाले.

“कुत्रं तरी हुतं का राखणीला?”

“कुत्र्याचा उल्लेख नाही.”

“मंग त्यो धनगर न्हाई, येडा म्हनायचा. एकाच्या मागं जाऊन बाकीची लांडग्याला वाढून ठिवायची व्हय?”

म्हसूची बायको अंबाबाई पदराआड हसली. मी हसले नाही. हा माणूस मला आधी का भेटला नाही, एवढंच मनात आलं. लग्न झाल्यापासून मी हाच प्रश्न विचारते आहे. फक्त मला तो इतक्या सोप्या शब्दांत कधी मांडता आला नव्हता.

आमचं घर म्हणजे एक जुनी ओम्नी. मागची सीट काढून तिथे गादी, स्टोव्ह, पेटी आणि पत्र्याची ट्रंक. शांतवन गाडी चालवायचे, देवाची सुवार्ता सांगायची जागा दिसली की थांबायचे, पेटी काढायचे. लेकीचं नावसुद्धा त्यांनी कामातलंच ठेवलं, सुवार्ता. कुठे लोक चहा द्यायचे, कुठे हात जोडून पुढचा रस्ता दाखवायचे. त्याची मला तक्रार नाही. माझाही विश्वास आहे आणि गळाही बरा आहे. पण लेकीच्या शाळेच्या दाखल्यांचा गठ्ठा माझ्या लग्नाच्या साडीपेक्षा जाड झाला होता. कुठल्याही वर्गात तिची मैत्रीण होते न होते तोच आमची गाडी हलायची.

यंदा ती दहावीला. मी नगरला माहेरी जाऊन बसले, तेव्हा कुठे शांतवननी शब्द दिला की एक वर्ष एकाच जागी राहायचं. भुकूमला नरहरी नावाच्या गृहस्थांची खोली ठरली. शाळा रस्त्याच्या पलीकडेच. आज संध्याकाळी सहाच्या आत शांतवननी स्वतः येऊन भाडेकरारावर सही करायची होती. सहानंतर नरहरी गावाला निघणार होते, आणि लवळ्याच्या एका कॅन्टीनमध्ये काम करणारं एक जोडपं त्याच खोलीसाठी टपून बसलं होतं.

सकाळी पौडमध्ये आम्ही कुलूप घेतलं. पितळी, दोन किल्ल्यांचं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दाराला कुलूप लागणार होतं. सुवार्ताने एक किल्ली दोऱ्यात ओवून तिथेच गळ्यात घातली. दुकानदारासमोर लाज वाटली; दुसरी किल्ली मी पटकन कमरेला खोचली.

आणि कासार आंबोलीपाशी मोकळ्या वावरात मेंढरांचा तळ दिसला. कोकणातून वर चढून देशावर परत निघालेले धनगर. शांतवननी ब्रेक मारला.

“दहाच मिनिटं, मार्था. साक्षात मेंढपाळ आहेत.”

“अहो, सहाला भुकूम.”

“आत्ताशी चार वाजतायत. आणि भुकूम कुठे लांब आहे?”

दहा मिनिटांचा तास झाला. म्हसूने दाखल्याची चिरफाड केली. अंबाबाईने काळा चहा दिला. तेवढ्यात चरायला गेलेली मेंढरं परतली आणि तळावर ठेवलेली कोकरं आयांना लुचायला धावली. एक मेंढी मात्र तोंड वर करून ओरडतच राहिली. तिचं कोकरू कुठेच नव्हतं.

“पडलं आसंल बांधाआड,” म्हसू म्हणाला. “न्हाईतर कोल्ह्यानं न्हेलं. आपलं हाय त्ये येतंय माघारी.”

शांतवन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून मी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

“मी बघून येतो.”

“अहो, तुम्ही? तुम्हाला बकरी आणि मेंढी ओळखू येत नाही.”

“मार्था, ज्याने आयुष्यभर हा दाखला सांगितला त्याने बसून राहायचं?”

आणि निघाले. डोंगराकडे, पायात चपला घालून. मेंढरांवर तासन्‌तास बोलणाऱ्या या माणसाने आजवर एकाही मेंढराला हात लावलेला नाही. फोन गाडीतच राहिला आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात गेली. मला गाडी चालवता येत नाही. तशीच एखादी रिक्षा बघून भुकूम गाठलं असतं, तरी नरहरींना सही त्यांचीच हवी होती. मी रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभी राहिले. मला त्या क्षणी त्यांचा खरोखर राग आला, प्रार्थनेने जाईल असला नव्हे.

साडेपाच झाले. सुवार्ता एकदा घड्याळाकडे आणि एकदा डोंगराकडे बघत होती. शेवटी ती पाण्याची बाटली आणायला गाडीत चढली आणि आतून तिचा आवाज आला.

“आई, इकडे ये.”

पेटी काढताना मागचं दार उघडं राहिलं होतं. गादीच्या वळकटीमागे कोकरू गाढ झोपलं होतं. गादी ओली करून झाली होती.

अंबाबाईने त्याला काखोटीला मारलं आणि मेंढीपाशी सोडलं. “बगा, म्हनलं हुतं. आपलं माघारी येतंय.”

“तुमचं आलं,” मी म्हणाले. “आमचं गेलं त्याचं काय?”

सहाला नरहरींचा फोन आला. मी काय सांगणार, की सही करणारा माणूस कोकरू शोधायला गेला आहे आणि कोकरू आमच्या गाडीत सापडलं? मी म्हटलं, वाटेत आहोत. ते म्हणाले, “ताई, तुम्ही दुपारीपण वाटेतच होतात. ती दोघं समोर उभी आहेत. आता मला त्यांना नाही म्हणता येत नाही.” आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती रडली नाही. लहान असती तर रडली असती. या पोरीने आदळआपट करणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

सूर्य डोंगराला टेकला तरी शांतवनांचा पत्ता नव्हता. म्हसूने काठी उचलली.

“दादा,” मी म्हणाले, “तुम्हीच म्हणालात ना, बाकीची सोडून एकामागं जातो तो येडा.”

“त्ये मेंढराचं झालं. हितं माणूस गेलंय, आन् त्येला ह्यो डोंगर म्हायती न्हाई.” मग कळपाकडे हात करून म्हणाला, “ह्यास्नी बगायला तुमी हायेतच की.”

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. अंबाबाई भाकरी थापायला बसली आणि मी हातात काठी घेऊन दुसऱ्याची मेंढरं वळत उभी राहिले. नवऱ्याची काळजी तर होतीच. आला की काय काय सुनवायचं त्याची उजळणीही चालली होती.

अंधारून यायच्या सुमाराला दोघं दिसले. शांतवन म्हसूच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर येत होते. सदरा बाभळीने फाटलेला, डावा घोटा सुजलेला.

“कोकरू सापडलं का?” त्यांनी लांबूनच विचारलं.

मी जुळवलेलं सगळं बोलणं बाजूला राहिलं. “सापडलं,” मी म्हणाले. “खोली गेली.”

ते गाडीच्या दारात बसले. म्हणाले, “चुकलं माझं.” मी घोट्याला हळद लावून दिली, जरा जोरातच.

म्हसू मेखा ठोकून वाघर लावू लागला. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं. “गाडीबी आत घेतो, ताई. बिबट्या फिरतुया हिकडं,” तो म्हणाला, आणि जाळं ओम्नीच्या मागून फिरवून आणलं. आता मेंढरं, कोकरं, स्टोव्ह, आम्ही, सगळे एकाच कुंपणात आलो.

शांतवनना तेवढ्यात धीर आला होता. “मार्था, येताना म्हसूभाऊ सांगत होते, त्यांचा मेहुणा लवळ्याच्या बाजूला आजारी पडलाय. सकाळी पायाची सूज जरा ओसरली की जाऊन प्रार्थना करून येऊ. लगेच परत.”

मी तोंड उघडायच्या आत सुवार्ता उठली. तिने गाडीतून पितळी कुलूप काढलं. वाघरीची दोन टोकं मेखेपाशी जुळत होती, तिथे दोरीच्या दोन्ही फासांतून कडी घातली आणि कुलूप दाबलं.

“आगं पोरी,” म्हसू म्हणाला, “वाघरीला कुलूप कोन लावतं?”

“सुवार्ता,” शांतवन म्हणाले, “अगं, मला सकाळी निघायचं आहे.”

“नाही पप्पा. सकाळी आई आणि मी भुकूमला जाऊन दुसरी खोली बघणार आहोत. सही आई करेल.” तिने किल्ली कुडत्याच्या आत टाकली. “तुम्ही इथं नव्व्याण्णवांपाशी थांबा.”

शांतवननी माझ्याकडे बघितलं. मी स्टोव्हला हवा मारायला घेतली.