कडू अंगारा

मंगळवारी वळसंगच्या वेशीबाहेर पाय ठेवायला जागा नसे. सकाळी नऊला गावातल्या रुद्राणीला उन्हात, उघड्या दगडी ओट्यावर बसवायचं आणि दिवस कलता कलता तिच्या गालांवर देवी उमटायची. नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर लालभडक डाग पसरायचा, पाखरानं पंख उघडावेत तसा.

"आईसायबांनी पंजा ठिवला," तिला तिथं बसवणारा शिवपुत्र महाराज पुकारे. "सरकारी डागदराला म्हनावं, उमटवून दाव."

बाया पाया पडत, पण लांबून. देवीला शिवायचं नाही, देवीबरोबर जेवायचं नाही. होटगीला रेल्वेत असलेला तिचा नवरा दीड वर्षात फिरकला नव्हता. "देवीशी संसार कसा करू?" असा निरोप तेवढा आला. पूर्वी तिच्यासोबत एका जात्यावर बसणारी शेजारीण गोजरबाई आता उंबऱ्याबाहेरून भाकरी सरकवून निघून जाई.

महाराज तिला रोज अंगाऱ्याची, म्हणजे गोवरीच्या राखेची, पुडी देई. ती घेतली की तिचे सुजलेले सांधे मोकळे होत. म्हणून रुद्राणीचाही विश्वास बसलेला.

एक दिवस घागर उचलताना तिच्या पाठीत कटकन वाजलं. "देवीचा भार हाय," महाराज म्हणाला. छातीतही कळ येई, आडवं झालं की जास्तच. चौथ्या दिवशी ती एकटीच एसटीनं सोलापूरला गेली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठीचा एक्स-रे पाहिला. एक मणका दबला होता. रोज काय घेता, असं विचारल्यावर रुद्राणीनं पुडी काढून दिली.

"हा अंगारा चवीला कसा लागतो?"

"लई कडू. देवीचा राग हाय म्हनं त्यात."

"गोवरीची राख कडू असते?"

रुद्राणीनं नकारार्थी मान हलवली. जन्मभर तिनं राखेनंच दात घासले होते.

बाईंनी पुडी मलमलीतून चाळली. फडक्यावर मधोमध रेघ असलेला एक पांढरा तुकडा उरला.

"ही स्टेरॉइडची गोळी. औषध खरं, म्हणून गुण येतो. पण मोजमाप नाही. त्यानंच तुमची हाडं ठिसूळ झाली. गालावर आहे तो आजार, ल्युपस. यात शरीर स्वतःवरच उलटतं. ऊन लागलं की डाग पेटतो. तुमच्या हृदयाच्या आवरणालाही सूज आलीय."

"मंग पुडी टाकून देऊ?"

"पुडी टाका, पण त्यातली गोळी एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. मी गोळी मोजून देईन, हळूहळू कमी करू."

"मंजी देवी न्हाय?"

"नाही."

"मंग मला शिवलं तरी चालतंय की."

बाईंनी नाडीसाठी तिचा हात धरला होता. नाडी मोजून झाली तरी त्यांनी तो सोडला नाही.

सोलापुरात उपचार घेऊन दोन महिन्यांनी रुद्राणी परतली. मंगळवारी ती ओट्यावर न बसता लिंबाखाली बसली. दिवस कलला, तरी गाल कोरेच.

"देवी रुसली," महाराज म्हणाला.

"रुसली न्हाय. मी सावलीत बसले." तिनं जपून ठेवलेली जुनी पुडी उघडून पुढं धरली. "राखंनं दात घासनाऱ्यानं ही जिभंला लावून बघावी."

कुणी हललं नाही. मग गोजरबाईनं चिमूट घेतली आणि थुंकली. "कडूजार हाय की गं."

लोक एकेक करत पांगले. नजर कुणीच वर केली नाही. महाराज सगळ्यांच्या आधी गेला होता.

गुण आला म्हणजे देव आला असं नाही. पुडीत काय आहे ते विचारावं. असा आजार असलेल्या बाईचं हृदय आणि हाडं डॉक्टरकडून वेळच्या वेळी तपासून घ्यावीत. आणि तिला ओट्यावर बसवू नये, आपल्या शेजारी बसवावं.

"सरक जरा," गोजरबाई म्हणाली, आणि लिंबाखाली रुद्राणीला खेटून बसली.