मागच्या बाजूची पानं

त्सुमाच्या अकरा वह्या मी माझ्या हाताने रद्दीत दिल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण ओघात मी स्वतःला सावरून घ्यायला लागेन आणि ऐकणाऱ्याला माझी दया येईल. ती मला नको आहे.

आमचं वाचनालय केनियात, मोम्बासात, चांगाम्वेमध्ये, टुकटुक रिक्षा दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. नाव साधंच, बंदर वाचनालय. ते काढलं कॉम्रेड ओगोलांनी. गोदी कामगारांच्या युनियनचे जुने माणूस, पत्रकं वाटली म्हणून तीन वर्षं तुरुंगात राहून आलेले, आता सत्तरी ओलांडलेले. मी कानिनी. आधी शाळेत शिकवायचे, गेली सहा वर्षं इथली पुस्तकं माझ्याकडे. शनिवारी दुपारी अभ्यासवर्ग असतो. घाना स्वतंत्र कसा झाला, काँगोची लूट कुणी केली, संप कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, हे सगळं मी फळ्यावर समजावून सांगते. चांगलं सांगते, असं मला वाटायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी पुस्तक दिलं की ते तसंच फळीवर चढत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी देणाऱ्याला आमच्याकडच्या एकमेव हातवाल्या खुर्चीत बसवायचं, चहा आणि गरम महाम्री, म्हणजे तळलेले गोडसर पाव, द्यायची, आणि त्या पुस्तकातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मगच त्याला नंबर मिळतो. ही रीत मीच घातली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

फेब्रुवारीत सिदीआजी आली. ऐंशीच्या घरातली, वाळकी, डोक्यावर पोतं. जिना चढून आली तरी धाप लागलेली नव्हती. पोतं पायांशी ठेवून तिने सांगितलं की हे तिच्या नवऱ्याचं, त्सुमाचं आहे. तो गोदीत पोती वाहायचा. चाळिशीनंतर युनियनच्या वर्गात लिहायला शिकला आणि मग रोज संध्याकाळी लिहीत बसायचा. तिला अक्षर येत नव्हतं. काय लिहितोस म्हणून विचारलं की म्हणायचा, कामगारांचं पुस्तकांचं घर होईल तेव्हा तिथे दे, ते तुला वाचून दाखवतील. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती. तेवढी वर्षं तिने ते पोतं चुलीवरच्या माळ्यावर धुरात जपलं होतं, वाळवी लागू नये म्हणून.

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि छोटंसं भाषणच केलं. कामगाराच्या घरातून आलेला कागद आमच्यासाठी सोन्यासारखा, वगैरे. ती मुलीकडे कालोलेनीला निघाली होती. दोनेक महिन्यांनी येते म्हणाली.

ती गेल्यावर मी पोतं उघडलं. वरच्या बाजूने सुतळीने शिवलेल्या लांबट वह्या, धुराने तपकिरी झालेल्या. गोदीतले जुने छापील तक्ते: जहाजाचं नाव, धक्का, पोत्यांची संख्या, कुठल्या तरी कारकुनाची सही. मी खालचा कोपरा अंगठ्याखालून सोडत दोन वह्या चाळल्या. आकडे, आकडे आणि आकडे. मला वाटलं, बिचारीला वाचता येत नाही, मालकांची कागदपत्रं नवऱ्याची म्हणून जपत बसली. हसूसुद्धा आलं. एकही पान मी पुरतं वर उचललं नाही.

मार्चमध्ये परदेशातल्या मित्रांकडून दोनशे पुस्तकांची खोकी आली. सुंदर पुस्तकं, जाड कागद. जागा करायला हवी होती. फाटकी मासिकं, जुनी पोस्टर्स आणि ते पोतं मी जिन्याखाली उतरवलं. तिथे गाडी लावून मबारुक भाजलेले शेंगदाणे विकतो. त्याला पुड्यांना कागद लागतोच. बदल्यात त्याने शनिवारच्या वर्गासाठी परातभर शेंगदाणे पाठवले.

त्या शनिवारचा विषय होता, कामगार स्वतःचा इतिहास का लिहीत नाही. मी सांगितलं की त्याला तेवढी उसंतच मिळू दिली जात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही बोलत होतो आणि शेंगदाणे खात होतो. हे आठवलं की आजही घास तोंडातल्या तोंडात फिरतो.

एप्रिलच्या शेवटी सिदीआजी परत आली आणि तिने सरळ विचारलं की माझ्या माणसाचं वाचन कधी. माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, वह्या बाइंडिंगला दिल्यात."

खरं सांगायला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. पण तिचा चेहरा इतका उजळला की माझी जीभ पुढे धावली. कापड कुठल्या रंगाचं, तिने विचारलं. लाल, मी म्हणाले. तिने हात जोडावेत तसे छातीशी धरले आणि सांगितलं की मेच्या पहिल्या रविवारी ती नवी छापील लेसो नेसून येईल. चौदा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, म्हणाली, आता बोलेल.

ती जिना उतरून दिसेनाशी झाली तशी मी मबारुककडे धावले. पोतं जवळजवळ संपलं होतं. त्याने वळलेली एक पुडी सोडून माझ्या हातात दिली. पुढे छापील तक्ता. मी ती उलटली. मागच्या बाजूला काठोकाठ पेन्सिलीची बारीक, दाबून लिहिलेली अक्षरं होती. कोरा कागद कुठून आणणार, म्हणून रद्द झालेल्या तक्त्यांच्या पाठीवर त्सुमा वर्षानुवर्षं लिहीत आला होता.

"तुला माहीत होतं?" मी मबारुकला विचारलं.

"म्हणजे काय? दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तेच वाचत बसायचो. छान लिहायचा माणूस." त्याने परातीतले दाणे हलवले. "मला वाटलं, तुमचं वाचून झालंय. वाचणारी माणसं तुम्ही. मी आपला पुड्या बांधणारा."

त्याने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तो सांगत राहिला. डकारहून आलेला एक खलाशी होता. त्याची भाषा त्सुमाला येईना, त्सुमाची त्याला. खलाशाने कोळशाने पोत्यावर आफ्रिका काढली, एका टोकाला स्वतःचं बंदर, दुसऱ्या टोकाला आमचं. मग पोतं पाठीवर घेऊन वाकून दाखवलं आणि मुकादमाची नक्कल केली. दोघं हसून हसून आडवे झाले, कारण मुकादम दोन्हीकडे तोच. हे सगळं एका पानात होतं, मबारुक म्हणाला. ते पान बहुतेक गेल्या आठवड्यात गेलं. सहा वर्षं मी फळ्यावर जे खडूने समजावत होते, ते एका पोत्यावर काढून झालं होतं, आणि ते लिहिलेल्या पानात कुणीतरी शेंगदाणे खाऊन ते पान गटारात टाकलं होतं.

उरलेली पानं मोजली. एकोणीस.

आता यापुढचं सांगायला जास्त लाज वाटते. चूक कुणाकडूनही होते. पण मी ती एकोणीस पानं घेतली, मधे मधे कोरे पांढरे कागद घातले, म्हणजे जाडी भरेल, आणि लाल कापडात छान बांधून घेतली. वाचता न येणाऱ्या बाईला काय कळणार, हा विचार मी केला. नेमक्या याच शब्दांत केला. ओगोलांना सांगितलं नाही. त्यांना या वयात त्रास कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मी त्यांना घाबरले होते.

रविवारी खोली भरली होती. सिदीआजी पिवळी लेसो नेसून खुर्चीत ताठ बसली होती. ओगोला दोन शब्द बोलले. मबारुक परात घेऊन दारात उभा होता. मी लाल वही तिच्या हातात दिली.

तिने ती तळहातावर तोलली. मग नाकाशी नेली. मग उघडून एकेक पान दोन बोटांत धरून चोळू लागली.

"हा कागद आमच्या घरातला नाही," ती म्हणाली. पुढचं पान चोळलं. "हा आमचा. हा नाही. हाही नाही." मग वर बघितलं. "आणि बाकीच्या दहा?"

मी टेबलावरचे कप सारखे करू लागले. ओगोलांना वाटलं मी भांबावले आहे. ते मायेने म्हणाले, "सांग की कानिनी, बाइंडरकडे असतील ना?"

त्यांनी नकळत मला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण आजीची बोटं अजून त्या पांढऱ्या कागदावर होती आणि मला ते बघवेना.

"नाही," मी म्हणाले. "मी त्या रद्दीत दिल्या. त्यांच्या पुड्या झाल्या. हे पांढरे कागद मी घातलेत, तुम्हाला कळू नये म्हणून."

कुणीतरी कप खाली ठेवला. ओगोलांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

सिदीआजीने वही मिटली. मग विचारलं, "वाचून दिल्यास, का न वाचता?"

"न वाचता."

"वाचून, नाही आवडलं म्हणून टाकल्या असत्यास, तर मी भांडले असते," ती म्हणाली. "आता कशाला भांडू? आहे ते वाच."

मी उभी राहिले. तिच्याकडून वही घेऊन टेबलावर उघडली. त्सुमाने लिहिलं होतं की संपाचा चौथा दिवस. फाटकाशी बसलोय, ओरडत कुणी नाही. सिदी भाताचं पातेलं घेऊन आली. पोलिसाने लाथ मारून सांडलं. तिने भात उचलला नाही, पातेलं उचललं. घरी गेली, पुन्हा शिजवून आणलं. तिला बघून जे तीन जण कामावर परत जाणार होते ते बसून राहिले. तिला हे सांगितलं नाही. सांगितलं तर लाजेल.

आजीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"तीनदा सांडलं होतं," ती हळूच म्हणाली. "बाकी दोन्ही वेळा त्याने लिहिलंच असणार."



दारातून मबारुक म्हणाला, "लिहिलं होतं, आजी. दुसऱ्या वेळी तुम्ही पोलिसाला म्हणालात, तुझ्या आईनेही तुला असंच कुठेतरी नेऊन खायला घातलं असेल. सगळं नाही, पण मला बरंच आठवतं."

ती उठली. खुर्चीला हात न लावता उठली, लाल वही काखेत घेतली, चहा तसाच ठेवून मबारुकच्या मागून जिना उतरली. ओगोलांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. खडूची डबी टेबलावरून उचलून ते म्हणाले, "शनिवारचा वर्ग काही दिवस मी घेतो." एवढंच.

तेव्हापासून रोज दुपारी सिदीआजी शेंगदाण्याच्या गाडीशी उलट्या खोक्यावर येऊन बसते. मबारुक भाजता भाजता आठवतो, ती मधेच दुरुस्त करते, कधी दोघं भांडतात. मी शेजारी जमिनीवर बसून लिहून घेते. मला कुणी बोलावलेलं नाही आणि कुणी हाकललेलंही नाही. पहिला दिवस सोडला तर ती माझ्याशी बोलत नाही.

त्या दिवशी उठताना तिने मी लिहिलेल्या पानांसाठी हात पुढे केला. मी म्हटलं की आजी, हे वाचनालयात नीट फळीवर ठेवू, नंबर देऊन. तिने मान हलवली. "नको. माझ्या चुलीवरच बरं आहे ते."

म्हणून रोज संध्याकाळी मी लिहिलेलं प्रत्येक पान तिच्या हाती देते. तिला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी ती पान आधी उलटते, मागची बाजू नीट बघते, आणि मगच घेते.