नदीच्या तोंडाशी मारलेली हाक

तावेउनी बेटाच्या किनाऱ्याने जाणारी ती वाट बघायला गोरे लोक तीन-तीन विमानं बदलून येतात. मेरेवाईच त्यांना हिंडवते: हा धबधबा, ही काळी वाळू, इथे पाय जपून. आज मात्र तिचं समुद्राकडे लक्ष नव्हतं. नजर पुढे चाललेल्या धाकट्या भावाच्या पाठीला चिकटली होती.

पेनाया रागाने तरातरा चालला होता. कड्यापलीकडच्या खाडीतून दुपारची होडी धरायची, सुवा शहरात परत जायचं, गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं सांगूनच निघाला होता. का, तर आई गेली आणि ह्याला कळलं ते पुरल्यानंतर!

खरं सांगायचं तर मेरेवाईकडे त्याचा नंबर होता. पण भाऊबहीण वयात आले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत, अशी त्यांच्याकडची अदब. निरोप द्यायचा तो तिसऱ्याच्या तोंडून. म्हणून तिने भावजयीला फोन लावला, दोन दिवस लावला, आणि तिचा फोन बंद. अगं बाई, मग लावायचा ना सरळ भावाला? सव्वीस वर्षांत केलं नव्हतं, हात धजेना.

तीच भावजय, लुसियाना, आज दोघांच्या मधे धापा टाकत होती.

"लुसियाना, त्याला सांग, आईच्या चौथ्या रात्रीच्या जेवणापर्यंत तरी थांब."

"अहो, ऐकलंत का? जेवणापर्यंत थांबा म्हणतायत!"

"तिला म्हणावं, माती द्यायला नव्हतो, आता जेवायला कशाला?"

"वन्सं, ते म्हणतायत..."

"ऐकलं गं! बहिरी नाहीये मी."

"मग मला कशाला पळवताय?" लुसियाना कातळावर बसली आणि चप्पल काढून टाच चोळू लागली. "तुमचं तुम्ही बघा!"

पेनाया थांबला नाही. मेरेवाई एकटीच मागे धावली. वळणापलीकडे नदी समुद्राला मिळते. तिथे आधी वरच्या डोंगराकडे बघायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. डोंगर पावसाने काळाठिक्कर झाला होता. पाणी गढूळलं होतं, मोडक्या फांद्या वाहत येत होत्या. आणि पेनाया खाली मान घालून सरळ पाण्यात शिरला होता, कमरेपर्यंत.

तिने मागे पाहिलं. निरोप न्यायला कुणी नव्हतं.

"पेनाया! मागे फिर! लोंढा येतोय!"

तो थिजलाच. वळला, पण पाण्याकडे बघेना. आ वासून बहिणीकडेच बघत राहिला.

"बघतोस काय मेल्या, पळ!"

तो धडपडत परतला. शेवटच्या पावलाला तिने त्याचं मनगट धरून ओढलं. मागोमाग लोंढा आला आणि फणसाच्या झाडाएवढं अख्खं झाड घेऊन समुद्रात गेला.

पेनाया वाळूत बसला. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"येते की गं ताई तुला हाक मारता," तो म्हणाला. "मग तेव्हा का नाही मारलीस?"

लांबून लुसियाना लंगडत येताना दिसत होती. मेरेवाई तिच्यासाठी थांबली नाही.

"आईपेक्षा रीत मोठी वाटली रे मला," ती म्हणाली. "चुकलं माझं."

पेनायाने गुडघ्यांत डोकं घातलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडला.