खुंट्यावरची गाठ

“अगं सटवे, सोड की दावं! बघती काय कस्तुरे?” माझी सासू सोजरबाई किंचाळत होती.

मी बघत नव्हते. खुंट्यावरच्या गाठीत नखं खुपसून ओढत होते. म्हैस पाय घसरून चरात गेली होती आणि गळ्यातल्या दाव्याला लोंबकळत होती. हा चर कंपनीनं पाइप टाकायला आमच्या गोठ्याला खेटून खणलेला. आकुर्डीतली आमची जमीन घेऊन भागलं नव्हतं मेल्यांचं!

जनावराला सुरगाठ मारतात. साप निघो, आग लागो, मोकळं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटली पाहिजे. आमच्यात पोरीला भाकरी थापायच्या आधी हे येतं. ही निरगाठ होती, वर म्हशीच्या वजनानं आवळून दगड झालेली. मी घरात पळाले, विळा आणला, दावं कापलं. म्हैस धपकन खाली पडली ती उठलीच नाही. गाभण होती. शेत गेल्यावर आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं, स्वतःचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

माणसं जमली. चुलतसासरे हिंदुराव खुंट्यापाशी वाकले. “कुणी बांधली व्हती? म्हशीला कुणी निरगाठ मारतं व्हय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनेकडेच बघणार, दुसरं कोण आहे!

आत्याबाईंनी गाठ चाचपली, उलटी करून पाहिली. त्यांना कळलं. कळणारच. माझा नवरा ज्ञानदेव कंपनीत पॅकिंगला. दिवसभर लाकडी पेट्यांना दोर आवळायचा, वाटेत सुटू नये म्हणून दोन वेढे देऊन. हाताला तेच वळण पडलेलं. सकाळी म्हैस पाण्यावरून आणून त्यानंच बांधली होती. आता तिथंच उभा होता, स्वतःचे बूट बघत.

“बोला की आता,” मी त्याला म्हटलं.

“त्यो काय बोलंल? हिनंच बांधली,” आत्याबाई म्हणाल्या. “हिच्या म्हायेरी शेळ्या. हिला म्हशीचं काय कळतंय!”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लोक हळहळले आणि मला नावं ठेवत पांगले. ज्ञानदेव दुपारच्या शिफ्टला निघून गेला. जाताना माझ्याकडे बघायची छाती झाली नाही त्याची.

आत्याबाई मात्र खुंट्यापाशी बसल्या आणि गाठीला दात लावून ओढू लागल्या. ती आणखी कुणाच्या नजरेला पडायला नको होती त्यांना. सुटेना. सुंभ घासून ओठातून रक्त आलं.

“ये गं, जरा हात लाव,” त्या म्हणाल्या.

“मला न्हाई यायची. पेटीची गाठ हाय ती,” मी म्हटलं. “लेक येऊ द्या कामावरनं. त्यो सोडंल.”

त्यांनी वर पाहिलं नाही. पदरानं ओठ पुसला आणि पुन्हा दात लावले.