वेशीत सुटलेली वहाण

मित्रांनो, पिठाच्या रांजणामागे कोळिष्टकांत जी एकटीच वहाण पडली आहे ना, ती मी. उजव्या पायाची. यहूदाच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात माझं सगळं आयुष्य गेलं. चामडं तडकलं आहे, पण आठवण अजून शाबूत आहे.

मला एल्नाथानने शिवलं. तो चांभार नव्हता, शेतकरी होता. त्याचा म्हातारा बैल मेला तेव्हा त्याने कातडं कमावलं आणि पहिला जोड स्वतःला न करता धाकट्या भावाला, हेलेसला केला. "त्याच्या टाचा बघ, नांगरल्यासारख्या फाटल्यात," असं तो बायकोला म्हणाला. तो आरीने भोकं पाडत होता आणि बायको, यरूशा, चामडं ताणून धरत होती. हेलेसने मला पायात घातलं आणि अंगणभर मिरवलं.

ते दिवस फार टिकले नाहीत. त्याच वर्षी यरूशाचं तान्हं बाळ तापाने गेलं. रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली होती, तरी गेलं. पुढच्या थंडीत एल्नाथान दरडीखाली सापडून मेला.

आमच्या लोकांत देवाने घालून दिलेला एक नेम आहे. एका घरात राहणारा भाऊ मुलाशिवाय मेला, तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करायचं. पहिला मुलगा मेलेल्याच्या नावाने वाढवायचा. तोवर तिने बाहेर लग्न करायचं नाही. दिराने वेशीत पंचांपुढे नकार दिला, तरच ती मोकळी.

हेलेसने नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. लग्न करून मुलगा झाला, तर एल्नाथानची जैतुनाची बाग त्या मुलाकडे, भावाच्याच नावाने राहणार. नाही म्हटलं तर गावात छी-थू होणार. गप्प बसलं तर बाग आपलीच.

"भाऊजी, काय ठरलं?" यरूशा विचारायची.

"जव कापून होऊ दे, वहिनी."

जव झाले, मग गहू. गव्हानंतर द्राक्षं तुडवायची होती. "जैतून झोडायचे आहेत, दिसत नाही का?" असं करत तीन वर्षं गेली. दर वेळी उत्तर देऊन झालं की मीच त्याला तिच्यासमोरून दूर न्यायची.

सासू आझूबा सगळं बघत होती. "गप राहा, सूनबाई. दोन वेळची भाकरी मिळते ना?"

"मिळते, आई. पण त्यांचं नाव घ्यायला कोणी उरणार नाही. पोटच्या पोराचं नाव आहे ते तुमच्या."

"मेलेल्या पोरापायी जित्या पोराची अब्रू वेशीवर टांगू का मी?"

यरूशा जात्याकडे वळली. जन्मलेले मुलगे मारायचा फारो राजाचा हुकूम मोडून बाळं जगवणाऱ्या सुइणींची गोष्ट तिच्या आजीने तिला लहानपणी सांगितली होती. दळता दळता ती स्वतःशीच पुटपुटायची, "भीतीने त्यांचेही हात थरथरलेच असतील की."

एके सकाळी ती एकटी वेशीत आली. पंच दगडी बाकांवर बसले होते आणि हेलेसही त्यांच्यात गप्पा ठोकत होता. तिला पाहताच त्याचा पाय माझ्यात आखडला.

"तुझा बाप कुठे आहे? भाऊ?" पंचांतले थोरले, पेदाया, यांनी विचारलं. "बाईमाणसाने एकटीने यायची ही जागा आहे का?"

"नेमात आहे, बाबा, की विधवेने वेशीत जावं. तिच्या बापाने जावं असं नाही." यरूशा म्हणाली. "भाऊजींनी हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. मला मध्येच लटकवू नये."

पेदायांनी दाढी चाचपली. "उद्या सकाळी दोघांनी या."

आता नकाराची आमची रीत ऐका. दिराने उभं राहायचं आणि विधवेने स्वतःच्या हाताने त्याच्या उजव्या पायातली वहाण सोडायची. सुरी लावायची नाही. वहाण सुटली नाही, तर बाईही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना हेलेस म्हणाला, "आई, माझ्या वहाणेच्या वाद्यांवर पाणी ओत."

"कशाला रे?"

"ओत म्हटलं ना!"

आझूबा थबकली. ओलं चामडं वाळताना आवळतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिला कळलं होतं. तरी तिने ओतलं. हेलेसने माझ्या वाद्यांना सात गाठी मारल्या. "बघतोच कशी सोडते ती. रडत घरी येईल आणि कायमची गप्प बसेल."

वेशीत पोचेपर्यंत ऊन चढलं. मी दगडासारखी झाले.

"भावजयीशी लग्न करतोस?" पेदायांनी विचारलं.

"नको मला ती."

यरूशा त्याच्या पायाशी बसली. पहिल्याच गाठीला तिचं नख मोडलं.

"अगं, पाय धरलेच आहेस, तर माफीही मागून टाक!" कोणीतरी ओरडलं.

"दुपारची भाकरी इथेच मागवायची का?" दुसऱ्याने विचारलं. सगळे हसले. हेलेसही हसला.

मला सैल व्हायचं होतं, मित्रांनो. पण चामड्याला मन असून उपयोग नसतो. ज्याने ओलं करून बांधलं, त्याच्याच बाजूने ते आवळत जातं. तिच्या बोटांवर मी ओरखडे काढले.

मग ती वाकली आणि तिने गाठीला दात लावले. वादीवर तिच्या हिरड्यांचं रक्त लागलं. चौथी गाठ सुटली तेव्हा हसणं थांबलं. सातवी सुटली तेव्हा पेदाया मान खाली घालून बसले होते.

तिने मला ओढून काढलं, उभी राहिली आणि रीतीप्रमाणे त्याच्या तोंडावर थुंकली.

"ही त्यांनी शिवली होती, भाऊजी," ती म्हणाली. "जो भावाचं घर उभं करत नाही, त्याने आपल्या घरी अनवाणीच जावं."

मला तिथेच टाकून ती वेशीबाहेर पडली. मोकळी झाली, पण रिकाम्या हातांनी. बाग हेलेसकडेच राहिली. लोक वर्षभर त्या घराला 'वहाण काढलेल्याचं घर' म्हणाले. मग त्याने दुसऱ्या घरची बायको केली. लग्नात त्याच लोकांनी पोटभर जेवून आशीर्वाद दिले. यरूशाचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी गेलं नाही.

आझूबाने मला उचलून या रांजणामागे लपवलं. का, ते तिने सांगितलं नाही. मला ना कोणी तेल लावलं ना कोणी टाकून दिलं.

परवा हेलेसच्या सहा वर्षांच्या लेकीने मला बाहेर ओढलं. "आजी, ही कोणाची गं?"

"तुझ्या बाबांची. एकदा पाय सुजला होता, वहाण निघेना."

"मग कोणी काढली?"

आझूबाचे पिठातले हात थांबले. पोर तोंडाकडे बघत उभी होती.

"होती एक," ती म्हणाली, आणि पुन्हा मळू लागली.

मित्रांनो, मला जपू नका. माझं काय, कुजून जाईन. पण घरातलं एखादं लेकरू असं तोंडाकडे बघत विचारील, तेव्हा त्याला यरूशाचं नाव सांगा. असं पोर फार वेळ थांबत नाही. हेलेसची लेकही खेळायला पळून गेली.